बेटावरच्या रांगोळीचा फोटो

बांगलादेशाच्या लढाईचं ते वर्ष. लढाईला तोंड फुटायचं होतं अजून, पण आमच्या जबलपुरात ती आधीच येऊन बसली होती. तोफा-दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, दीक्षितपुऱ्यातल्या खिडक्यांना काळे कागद लागले आणि जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला. भाजीवाला दोनदा आला तर दोनदा काहून आला? पोस्टमन उशिरा आला तर इतका वेळ होता कुठे? शेजारच्या काकूंनी तर पनागरहून मटार घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यावरही संशय घेतला. कारण काय, तर म्हणे त्याच्या पायातले बूट जरा जास्तच चांगले आहेत. मला भारी हसू यायचं. मग पाळी माझ्यावर आली.

माझ्याकडे कॅमेरा होता ना! नागपूरच्या मामांनी नवा घेतला आणि जुना मला दिला. काळी चौकोनी पेटी, वरून डोकावून पाहायचं, एका रिळात बारा फोटो. मी कॉलेजात होते आणि त्या पेटीपायी वेडी झाले होते. पण गळ्यात कॅमेरा अडकवून मी गल्लीतून निघाले की ओट्यावरचं बोलणं थांबायचं. काकूंनी एकदा गोड आवाजात विचारलंसुद्धा, "अच्छा, इतके फोटो काढून पाठवतेस कुणाला गं?" मी म्हटलं, याह्याखानाला. त्या हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या कानावर गेलं आणि मला अशी काही बोलणी बसली की विचारू नका.

बाबा फॅक्टरीत होते. तिथे काय करत होते? मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, म्हणजे तेव्हा मी तरी तसंच समजत होते. आमच्यासारख्या सगळ्याच घरांत ती रीत होती. पुरुषमाणूस सायकलवर डबा अडकवून जायचा, गेटवर डबा उघडून दाखवायचा, हात वर करून झडती द्यायचा, परत येताना तेच उलट. घरी येऊन हातपाय धुवून चहा घ्यायचा आणि त्या गेटच्या आतलं अवाक्षरही काढायचा नाही. आपणही विचारायचं नाही. शाळेच्या फॉर्मावर वडिलांचा व्यवसाय म्हणून आम्ही सगळी पोरं 'सर्व्हिस' एवढंच लिहीत असू. त्या वर्षी तर बाबा जास्तच गप्प झाले होते. कुणाचा तरी 'रिपोर्ट' झाला आणि त्या माणसाला घरून उचलून नेलं, अशी बातमी होती. खरी की खोटी, देव जाणे. पण रिपोर्ट हा शब्द ऐकला की बाबांचा घास हातातच राहायचा.

आणि आमची आई रांगोळी काढायची. आता सगळ्यांच्याच आया काढतात, त्यात काय, असं म्हणाल. पण आईची रांगोळी पाहायला लोक वाट वाकडी करून आमच्या दारावरून जात. भेडाघाटच्या मूर्तीवाल्यांकडून ती संगमरवराचा चुरा आणवायची, वस्त्रगाळ करायची आणि त्या भुकटीने अशी रेघ ओढायची की कुणीतरी आखूनच ठेवली आहे. माणसांचे चेहरे काढायची, पदराची चुणी काढायची. कुणाकडे शिकली नव्हती. दुपारपर्यंत सायकली, गाई, पोरं सगळी त्या रांगोळीवरून जात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतःच ते झाडून टाकायची. मला राग यायचा. तिला यायचा नाही, किंवा ती दाखवायची नाही.

दिवाळी झाली आणि बातमी आली की नर्मदेतल्या बेटावर कलाप्रदर्शन भरणार आहे, जवानांच्या मदतीसाठी. ग्वारीघाटापासून वरच्या अंगाला नदीच्या मध्ये ते बेट. त्याच्यावर गोंड राजांच्या वेळचा दगडी मंडप, मराठ्यांच्या अमलात कधीतरी डागडुजी केलेला. एरवी तिथे माकडं आणि बैरागी सोडून कुणी फिरकत नसे. या वेळी मंडपात चित्रं लागणार होती, मातीच्या मूर्ती मांडणार होते आणि मधल्या फरशीवर बायकांच्या रांगोळ्या. सोबत आम्हा फोटोवेड्यांची सहल. कॉलेजातले पाचसहा जण, ज्यांच्याकडे कॅमेरा होता किंवा मागून आणता येत होता. अट एकच, नदीवरच्या पुलाकडे कॅमेरा वळवायचा नाही.

आईने नाव दिलं. मला तर धक्काच बसला. तिने कधी कशात नाव दिलं नव्हतं. आदल्या दिवशी रंग पुड्यांत भरताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझ्या त्या पेटीत माझ्या रांगोळीसाठी जागा ठेवशील? आजवरच्या सगळ्या पुसल्या. ही एक राहू दे."

मी म्हटलं, एक काय, सगळं रीळ तुझं. ती म्हणाली, नको, एकच पुरे, पण नीट येऊ दे. आता मला सांगा, जिने जन्मात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, तिने हे मागितल्यावर मला दुसरं काही सुचणार होतं का? घमापूरच्या स्टुडिओवाल्याला मी आधीच विचारून आले, की मोठा करून फ्रेम करायला किती दिवस लागतील. बैठकीतल्या भिंतीवर जागाही ठरवली. बाबांना सांगितलं तर त्यांनी नुसतं 'हं' केलं. पण रात्री पांघरुणाखाली हात घालून कॅमेऱ्यात रीळ त्यांनीच भरून दिलं. उजेड लागला तर सगळं जातं, हे मला बजावून सांगितलं ते त्यांनीच. हे मुद्दाम लिहून ठेवते.

रविवारी आई पहाटेच्या नावेने बायकांसोबत गेली. मी ऊन आल्यावर आमच्या टोळक्याबरोबर. बाबांची सकाळची ड्यूटी होती, ते दुपारी येणार होते.

नावेतच मला तो दिसला. भुऱ्या स्वेटरातला माणूस. वय चाळिशीचं, हातात काही नाही, सोबत कुणी नाही. प्रदर्शन पाहायला येणारा माणूस बायकोला आणतो, पोरांना आणतो, निदान डबा तरी आणतो. हा नुसता बसून आमचे कॅमेरे पाहून राहिला होता. बेटावर उतरलो तर तोही उतरला. मी घाटाच्या पायऱ्यांचा फोटो घेतला तर हा मागे. मंडपाच्या खांबाचा घेतला तर हा खांबाशेजारी. मग हळूच म्हणाला, "बेटी, कौन से कॉलेज में हो?" मी सांगितलं नाही. म्हटलं, आपण कोण? तो हसला आणि चित्रांकडे वळला, पण चित्र पाहताना माणूस वर-खाली पाहतो ना, तो पाहत नव्हता. तो चित्र लावणाऱ्यांकडे पाहत होता.

मंडपात कुजबुज सुरूच होती. कुणी म्हणे तो पाकिस्तानचा, कुणी म्हणे दिल्लीचा, आणि आमच्या टोळक्यातला एक शहाणा म्हणे दोन्हीकडचा. मला हसावं की घाबरावं कळेना. मी सरळ आईजवळ जाऊन बसले.

आईची रांगोळी पुरी होत आली होती. सैनिकाला ओवाळणारी बाई. सैनिकाची पाठ आपल्याकडे, चेहरा फक्त बाईचा, आणि त्यावर निरांजनाचा उजेड. बाप्पा, काय उजेड होता तो! नुसत्या पिवळ्या भुकटीचा, पण वर हात धरून शेकावासा वाटला. बायका आपापल्या रांगोळ्या सोडून येऊन उभ्या राहिल्या होत्या. आई आता भोवतीची किनार काढत होती. इतरांच्या किनारी म्हणजे कमळं, कुयऱ्या, गोपद्मं. आईची वेगळीच. एक आकृती पुन्हापुन्हा काढलेली, एका अंगाला दाते, मध्ये अर्धगोल खाच, खाली दोन भोकं. कंगव्यासारखी म्हणावी तर कंगवा नाही. चारी बाजूंना अशी बसवलेली की सगळं चित्र तिच्यात तोलून धरलेलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, असंच, वेल आहे. असली कसली वेल, पण दिसत होती छान.

मी दोन फोटो घेतले. रिळातले शेवटचे. एक सगळ्या रांगोळीचा दगडी ओट्यावर चढून, आणि एक जवळून, बाईच्या चेहऱ्याचा आणि किनारीचा. हात थरथरू नये म्हणून श्वास रोखला होता.

डोकं वर काढलं तर भुरा स्वेटर माझ्याशेजारी. तो बाईचा चेहरा पाहत नव्हता. उकिडवा बसून किनारीवर बोट फिरवत होता, हवेतल्या हवेत, एकेक दाता मोजल्यासारखा. मग त्याने आईला विचारलं, "बहनजी, ये डिज़ाइन कहाँ से उतारा?"

आई म्हणाली, "कहीं से नहीं जी. मन से."

त्याने मान हलवली, पण उठला नाही. तेवढ्यात पायऱ्यांवरून बाबा आले. ड्यूटीचेच कपडे, हातात रिकामा डबा. आईकडे पाहून जरासे हसले. रांगोळीकडे पाहिलं. बाईचा चेहरा पाहिला आणि खरं सांगते, त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांची नजर किनारीवर गेली. तिथून त्या माणसावर. तिथून माझ्या कॅमेऱ्यावर.

पुढचं सगळं झटक्यात झालं. बाबा चपला घालून सरळ रांगोळीवर चढले. बायका ओरडल्या. ते थेट बाईच्या चेहऱ्यावरून माझ्याकडे आले, माझ्या गळ्यातून कॅमेरा ओढून घेतला आणि भर उन्हात त्याचं झाकण उघडलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हिंदीत म्हणाले, "किससे पूछकर फोटो खींच रही है? देखिए भाईसाहब, खुला है, देख लीजिए."

स्वेटरवाला म्हणाला, "अरे बाबूजी, रील गई ना. और रंगोली..."

"ध्यान नहीं रहा," बाबा म्हणाले. झाकण लावून कॅमेरा माझ्या हातात दिला, आणि परत जाताना किनारीकिनारीने गेले, पाय घासत. एक बाजू, मग दुसरी. ध्यान नसलेला माणूस असा चालत नाही.

मी आईकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ही काही बोलेल. तिने कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि उरलेल्या दोन बाजूंची किनार आधी, आणि मग बाकीचं सगळं, स्वतःच्या हाताने झाडून टाकलं.

परतीच्या नावेत आम्ही तिघं तीन फळ्यांवर बसलो होतो. माझा संताप संताप झाला होता. स्वेटरवाल्यावर नाही, बाबांवर. काकूही होत्या नावेत, त्यांनी माझ्या कानात सांगितलं की पुरुषांना बायकोचं कौतुक सहन होत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. एरवी मी काकूंचं एक अक्षर खरं मानत नसे. त्या दिवशी मानलं. आणि एकदा संशयाची सवय लागली की मागचं सगळं त्यात बसायला लागतं. फोटोचं सांगितलं तेव्हा नुसतं 'हं' का केलं? रीळ भरून दिलं ते मुद्दाम सैल भरलं असेल का? आधी डोळे भरले, तेही नाटकच का? बापाबद्दल असे विचार मी करत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

रीळ मी तरीही स्टुडिओत दिलं. स्टुडिओवाला म्हणाला की गुंडाळीच्या आतले फोटो वाचतात, वरचे जातात. तसंच झालं. नाव, पायऱ्या, खांब, सगळं स्वच्छ आलं. आईची रांगोळी शेवटची, म्हणून सगळ्यात वर. तिचे दोन कागद कोरे पांढरे. आणि जे वाचले होते त्यातल्या कितीतरी फोटोंत मागे कुठेतरी तो भुरा स्वेटर उभा.

काकूंचे यजमानही फॅक्टरीतलेच. ते फोटो पाहायला आले, एक उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. मी विचारलं, ओळखता का? ते म्हणाले, साध्या कपड्यांत असतो, पण फॅक्टरीच्या सिक्युरिटीचा आहे, आणि मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नको. उठून गेले ते चहासुद्धा न पिता. बाबांनी फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, बाकीचे? मी म्हटलं, गेले. ते म्हणाले, "बरं झालं."

बरं झालं! आईचं एकुलतं एक मागणं मातीत गेलं आणि यांचं बरं झालं! त्या दिवशीपासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. बाबा पाटावर, मी समोर, आई वाढत होती. कोरे कागद मी अजून आईला दाखवले नव्हते. ती म्हणाली, दाखव तरी. मी आणून तिच्या हातात दिले. तिने ते उजेडाकडे धरून पाहिले, उलटे करून पाहिले, जणू कुठेतरी एखादी रेघ राहिली असेल. ते मला बघवलं नाही.

"बाबा, तुम्हाला आईचं चांगलं झालेलं सहन झालं नाही," मी म्हटलं. "मुद्दाम केलंत तुम्ही."

ते म्हणाले, "हो. मुद्दाम केलं."

बस, एवढंच.  भात संपवला, पाणी प्यायले, भांडं ठेवताना थोडं पाणी फरशीवर सांडलं. ते कुठेतरी दूर पाहत बसले होते, आणि त्यांचं बोट त्या पाण्यात फिरत होतं. तसं ते रोजच फिरायचं. जेवण झालं की सांडलेल्या पाण्यात काहीबाही रेघोट्या ओढत बसायची त्यांची खोडच होती, आणि आम्ही कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी माझा त्यांच्यावर डोळा होता म्हणून मी पाहिलं. एका अंगाला दाते. मध्ये अर्धगोल खाच. खाली दोन थेंब.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. मी आईकडे पाहिलं. आई बोटाकडेच पाहत होती, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या रस्त्याकडे पाहावं तशी.

बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी तळव्याने पाणी पुसून टाकलं आणि हात धोतराला कोरडा केला. चेहरा पांढराफटक पडला होता. घरात भिंतीला कान असल्यासारखे खिडकीकडे पाहून हलक्या आवाजात ते आईला म्हणाले, "तो माणूस विचारत होता तेव्हा तू काय सांगितलंस?"

"मनातून काढली म्हणून."

"आणि त्याला फोटो मिळाला असता तर? कुणाच्या घरून आली ही आकृती, म्हणून विचारत तो इथवर आला असता. मला नेलं असतं. तुलाही नेलं असतं."

आईने त्यांचं ताट उचललं. मग परत खाली ठेवलं आणि तिथेच बसली.

"मला वाटलं होतं नुसती नक्षी असेल," ती म्हणाली. "नाही, खोटं कशाला बोलू. तुमचं काम आहे हे मला कळत होतं. माझं काम रोज दारात सगळे पाहतात. पायाखाली घेतात, पण पाहतात तरी. तुमचं इतक्या वर्षांत कुणीच नाही पाहिलं. म्हणून काढली. कुणाला कळणार नाही असं वाटलं."

 मी मान खाली घातली. मला आता दोघांच्याही तोंडाकडे पाहवत नव्हतं, आणि उठूनही जाववत नव्हतं. आईने ते दोन कोरे फोटो पदराला पुसले आणि बाजूला ठेवले.  ओट्यावर काकू कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

मग बाबा अगदी हळू, आईकडे न पाहता म्हणाले, "दाते बरोबर आले होते. खाच जरा उथळ पडली होती."

फॅक्टरीतल्या कामाबद्दल बाबा घरात बोलले ते तेवढंच. पुढे रिटायर झाले, वारले, पण दुसरं वाक्य कधी नाही.